पाचशे खुर्च्या मिळाल्या, हव्या होत्या दोन: नाटकाच्या तिकिटांची साईट दुरुस्त करताना

काम आलं तेव्हा मागणी एका ओळीची होती. "साईट जरा सिनियर सिटिझन फ्रेंडली करून द्या, फाँट-बिंट मोठे करा, आठवड्यात होईल ना?" आठवड्याचे साडेचार महिने झाले.

नाटकं आणि गाण्याच्या मैफिलींची तिकिटं विकणारी पुण्यातली एक छोटी साईट आहे. नाव लिहीत नाही, कारण पुढं त्यांच्या बऱ्याच चुका काढणारे आणि त्यातल्या निम्म्या तर आम्हीच दुरुस्तीच्या नादात नवीन घातलेल्या. टीम म्हणजे मी डिझाईनला, एक डेव्हलपर मुलगा, आणि त्यांच्या ऑफिसात फोन घेणाऱ्या दोन ताई, ज्यांना टीममध्ये धरायचं असतं हे आम्हाला तिसऱ्या आठवड्यात कळलं.

आता हा प्रेक्षक कोण ते बघा. पुण्यात मराठी नाटकाला रविवारी दुपारी जाऊन बसलात तर आजूबाजूला निम्म्याहून जास्त डोकी पांढरी दिसतात. बालगंधर्व रंगमंदिर १९६८ सालचं, म्हणजे तिथं पंचविशीत पहिलं नाटक बघितलेला माणूस आज ऐंशीच्या पुढं आहे आणि अजून येतोय. सकाळी पेपरात जाहिरात बघायची, प्लॅन कधी उघडतोय ते वाचायचं, स्कूटर काढायची आणि खिडकीवर जायचं ही त्यांची रीत. मग स्कूटर बंद झाली, मुलं म्हणाली बाबा ऑनलाईन काढा की, आणि बाबा आमच्या क्लायंटच्या साईटवर आले.

आले आणि अडकले. अडकले की जाहिरातीतल्या नंबरवर फोन. "अहो ताई, ते गोल दिसतायत पण दाबले जात नाहीयेत, तुम्हीच दोन ठेवून द्या ना." मग ऑफिसातल्या ताई स्वतःच्या कॉम्प्युटरवर तीच साईट उघडून त्यांच्या वतीनं तिकीट काढणार, पैसे यूपीआयनं मागवणार, आणि स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर पाठवणार. म्हणजे ऑनलाईन बुकिंगच्या नावाखाली फोन बुकिंगच चाललेलं, फक्त मध्ये एक कमिशन कापणारी साईट उभी.

आम्ही पहिल्यांदा जे करायला हवं तेच केलं, माणसं बसवली समोर. आठ जणं. माझ्या आईच्या भिशीतल्या तिघी, सोसायटीतले दोन आजोबा, बाकी ओळखीपाळखीतून. पाच माणसं बसवली तरी बहुतेक मोठ्या अडचणी दिसून जातात हे साईट वापरायला सोपी कशी करावी याचा अभ्यास करणारा जेकब नीलसन २००० सालापासून सांगतोय, आणि आमच्याकडं तर दुसऱ्या काकूंनाच सगळं दिसून गेलं.

काकू ७१ वर्षांच्या, कोथरूडच्या, मोबाईल रोज वापरणाऱ्या, व्हॉट्सॲपवर नातवंडांचे फोटो दोन बोटांनी मोठे करून बघणाऱ्या. त्यांनी नाटक निवडलं, खुर्च्यांचा नकाशा उघडला आणि सवयीनं दोन बोटं स्क्रीनवर ठेवून ताणली. काही नाही. परत ताणली. मग फोन डोळ्यांपाशी नेला, लांब नेला, चष्मा कपाळावर चढवला, आणि मग शांतपणे पर्स उघडून त्यातनं भिंग काढलं. खरोखरचं, काचेचं, पंचांग वाचायचं भिंग. ते फोनवर धरून दुसऱ्या हातानं हिरवा गोल दाबायचा प्रयत्न. एका हातात भिंग, फोन टेबलावर, बोट भिंगाखाली घातलं की बोटच मोठं दिसायचं आणि गोल झाकला जायचा.

डेव्हलपर माझ्या शेजारी बसून बघत होता. झूम त्यानंच बंद केलेला, व्ह्यूपोर्टच्या टॅगमध्ये (पान फोनवर कसं बसवायचं ते सांगणारी कोडमधली ओळ) एक शब्द लिहून, कारण नकाशाला स्वतःची अधिक-उणेची बटणं होती आणि दोन्ही झूम एकमेकांत भांडायचे. आयफोनवर सफारी ती बंदी २०१६ च्या आयओएस १० पासून मानतच नाही, त्यामुळं त्याच्या स्वतःच्या फोनवर सगळं छान चालायचं. काकूंचा अँड्रॉइड. तिथं क्रोम ती बंदी पाळतो, जोपर्यंत माणूस सेटिंगमध्ये जाऊन ती मोडत नाही. काकू कशाला जातायत सेटिंगमध्ये.

गोल १४ पिक्सेलचे, मध्ये २ पिक्सेलची फट. मोकळी खुर्ची हिरवी, विकलेली राखाडी, दुसऱ्यानं धरलेली लाल, आपण निवडलेली गडद हिरवी. हिरवा आणि गडद हिरवा, घ्या. ज्याला लाल-हिरवा नीट वेगळा दिसत नाही त्याच्यासाठी तर सगळा हॉल एकाच रंगाचा. खुर्चीचा नंबर त्या गोलात फिकट राखाडी अक्षरात. तो राखाडी आम्ही मोजला, पांढऱ्यावर २.८५ : १ एवढाच कॉन्ट्रास्ट, साध्या मजकुराला किमान ४.५ : १ लागतो.

पण काकूंची खरी परीक्षा पुढं. कशाबशा दोन खुर्च्या दाबल्या, लगेच वर पाच मिनिटांचं उलटं घड्याळ सुरू, लाल, लुकलुकणारं. नाव, ईमेल, मोबाईल, सगळं एका बोटानं. ओटीपी आला. तो बघायला मेसेजमध्ये गेल्या, परत आल्या तर फोननं पान नव्यानं उघडलेलं, सगळं पुसलेलं. परत नकाशावर गेल्या तर त्यांच्या त्याच दोन खुर्च्या लाल, खाली सूचना: या खुर्च्या दुसऱ्या कुणीतरी धरल्या आहेत.

"कोण मेलं माझ्याच खुर्च्यांवर येऊन बसलंय?" काकू म्हणाल्या.

त्या स्वतःच बसल्या होत्या. पाच मिनिटांचं जुनं लॉक अजून सुटलेलं नव्हतं आणि पान नवीन उघडल्यामुळं साईटला ही तीच बाई आहे हे ओळखता येत नव्हतं. हे आम्हाला हसून लोळवणारं वाटलं पण ऑफिसातल्या ताईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, रोजचे चार-पाच फोन ह्याचेच असतात, आम्ही सांगतो पाच मिनिटं थांबा मग करा. म्हणजे बग त्यांना माहीत होता, उपायसुद्धा माहीत होता, फक्त त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

मग आम्ही शहाण्यासारखे यादी घेऊन बसलो. डब्ल्यूसीएजी, म्हणजे वेबच्या सुगम्यतेचे जगभर मानले जाणारे निकष, त्यांची ऑक्टोबर २०२३ ची २.२ आवृत्ती समोर ठेवली. झूम उघडला. रंग बदलले, नुसत्या रंगावर न ठेवता विकलेल्या खुर्चीवर फुली आणि निवडलेलीवर टिक. बोटानं दाबायची जागा निदान २४ पिक्सेल हवी असं २.२ म्हणतं, आम्ही ४४ चा हट्ट धरला आणि नकाशा आडवा सरकणारा झाला. प्रत्येक गोलाला खऱ्या बटणाचं रूप दिलं, आधी ते नुसते चित्रातले (एसव्हीजीचे) आकार होते, स्क्रीन रीडरला, म्हणजे अंध माणसाला पान वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, दिसतच नव्हते. पानाची भाषा टेम्प्लेटमधून आलेली इंग्रजी अशीच राहिली होती, त्यामुळं रीडर मराठी मजकुराला इंग्रजी आवाज लावायला बघायचा, ती मराठी केली. (भाषा मराठी लिहिल्याचा एक बोनस: फाँटमध्ये सोय असेल तर ल आणि श आपल्या वळणाचे दिसायला लागतात. क्लायंटच्या वडिलांनी बाकी काही बघितलं नाही, म्हणाले, "ल सुधारला, बरं झालं." पुण्यात ही दाद मोठी आहे.)

लाईटहाऊस, म्हणजे साईट तपासून मार्क देणारं गुगलचं टूल, चालवलं. ॲक्सेसिबिलिटी १००. स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला, क्लायंटनं फटाक्यांचे इमोजी पाठवले, मी बिलाचा पहिला हप्ता पाठवला.

त्यानंतर सर आले. बँकेत टेलिफोन ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेले, पूर्ण अंध, नाटकाचे पक्के रसिक, आवाजावरून नट ओळखतात आणि कुणी संवाद गाळला तर मध्यंतरात सांगतात. आम्ही त्यांना साईट तपासायला बोलावलं होतं, खरं सांगायचं तर कौतुक ऐकायला बोलावलं होतं. त्यांनी फोन काढला, टॉकबॅक, म्हणजे अँड्रॉइडचा स्क्रीन रीडर, इतक्या वेगात की मला एक शब्द कळेना, मग माझ्यासाठी वेग कमी केला.

रांग ए, खुर्ची एक, विकलेली, बटण. उजवीकडं स्वाईप. रांग ए, खुर्ची दोन, विकलेली, बटण. स्वाईप. रांग ए, खुर्ची तीन, विकलेली, बटण. तिथं खाली पंखा फिरत होता, चहा आलेला, आम्ही चौघं गप्प. रांग बी चालू झाली. बी पण सगळी विकलेली. सी मध्ये कुठंतरी त्यांचा अंगठा थांबला.

"तुमच्या साईटवर मला खुर्च्या मिळाल्या हो," सर म्हणाले, "पाचशे मिळाल्या. मला दोन हव्या होत्या."

सगळी लेबलं बरोबर होती, हे लक्षात घ्या. शंभरपैकी शंभर मार्क. टूलच्या दृष्टीनं त्या पानावर एकही चूक नव्हती आणि तिकीट काढणं अशक्य होतं. डेव्हलपरनं तिथंच उपाय सुचवायला सुरुवात केली, विकलेल्या खुर्च्या रीडरपासून लपवू, रांगेला हेडिंग देऊ म्हणजे रांगेवरून रांगेवर उडी मारता येईल, कीबोर्डला बाणाच्या कळा देऊ. सगळं चांगलं, पुढं केलंही. सर ऐकून घेऊन म्हणाले, "पण मी खिडकीवर जातो तेव्हा मला कुणी पाचशे खुर्च्या वाचून दाखवत नाही."

ह्या वाक्यावर प्रोजेक्ट फिरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीवर जाऊन उभा राहिलो. बाहेर नाही, आत, तिकीट देणाऱ्या काकांच्या मागं स्टुलावर, दोन सकाळी. काकांपुढं कॉम्प्युटर होताच, पण बाजूला छापील प्लॅनसुद्धा, त्यावर लाल पेनानं फुल्या, कारण "लाईट गेली तर?" आणि चाललेलं बोलणं साधारण असं:

"दोन द्या."
"पुढं बसणार का मध्ये?"
"मध्येच द्या, पण ह्यांचा गुडघा..."
"मग कडेची देतो. जे एक-दोन. बाजूच्या दारानं या, पायऱ्या नाहीत तिकडनं."
"दिसेल ना नीट?"
"दिसेल. डावीकडचं थोडं कमी दिसेल, पण ह्या नाटकात तिकडं दारच आहे नुसतं."

वीस सेकंदं. नकाशा काकांनी बघितला, गिऱ्हाईकानं बघितलाच नाही. दोन सकाळींत मी मोजत बसलो होतो, प्लॅन स्वतः बघायला मागितलेले फक्त तीन जण, तिघंही तरुण. बाकीच्यांनी किती, कुठं आणि काय अडचण एवढंच सांगितलं. आणि आमच्या साईटवर नेमके हेच तीन प्रश्न कुणीच विचारत नव्हतं, आम्ही सरळ काकांचा प्लॅन उलटा करून गिऱ्हाईकाच्या अंगावर टाकला होता आणि मग तो प्लॅन वाचता यावा म्हणून महिनाभर मरत होतो.

तर नवीन पान असं झालं. किती जणं? कुठं: पुढं, मध्ये, मागं, बाल्कनी. मग दोन चौकटी, "कडेची खुर्ची हवी" आणि "पायऱ्या नकोत". तिसरी नंतर आली, "व्हीलचेअर आहे", ती वेगळी का ते पुढं सांगतो. ह्यावर साईट उत्तर देते, एका वाक्यात: जे १ आणि जे २, मधला भाग, डाव्या वाटेला लागून, पायऱ्या नाहीत, दोन्हीचे मिळून ६०० रुपये. खाली तीन बटणं: "ह्या घेतो", "दुसऱ्या दाखवा", "प्लॅन बघून निवडतो".

वाक्य लिहिताना शब्दांवरून जी मारामारी झाली ती वेगळीच. आधी साईटवर होतं "आसन निवडा" आणि "देयक अदा करा". आमच्या आठ जणांपैकी एकानंही आसन हा शब्द तोंडातून काढला नाही, आसन योगाच्या क्लासात. खुर्ची केलं, "पैसे भरा" केलं. आणि रांगांची अक्षरं मराठी करावीत असं क्लायंटच्या मनात होतं, क ख ग, दिसायला गोड, पण हॉलमधल्या खुर्चीवर रंगवलंय इंग्रजी अक्षर, माणूस अंधारात क शोधत फिरणार का? तिकिटावर तेच पाहिजे जे खुर्चीवर आहे. तरी जी आणि जे चा घोळ राहतोच. काका फोनवर "जी गणपतीचा, जे जानकीचा" असं सांगतात, टॉकबॅकला ते सांगता येत नाही आणि सरांनी पहिल्या फेरीत जे ऐवजी जी ऐकलंच. म्हणून रांगेपुढं स्टेजपासूनचा आकडा जोडला, "स्टेजपासून नववी". नववी, दहावी नाही, कारण त्या हॉलला आय रांगच नाही, ते अक्षर एकासारखं दिसतं म्हणून. हे सुद्धा काकांनीच सांगितलं, आम्ही तर दहावी छापून मोकळे झालो होतो.

क्लायंटला हे पटवणं सोपं नव्हतं. त्यांचं म्हणणं, लोकांना खुर्ची स्वतः निवडायला आवडते, सिनेमाच्या ॲपवर सगळे तसंच करतात, तुम्ही आमचा नकाशा मागं ढकलताय. मी कायद्याचं सांगून बघितलं. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा, त्यात खासगी सेवा देणारेही येतात, आणि ३० एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टानं डिजिटल केवायसीच्या खटल्यात डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानलाय. ते म्हणाले हो हो, बरोबर आहे, आणि चहा मागवला. मध्येच त्यांना कुणीतरी ते रेडीमेड विजेट विकायला आलं, कोपऱ्यातला निळा माणूस, दाबला की फाँट मोठा, रंग उलटे, आणि "एका दिवसात संपूर्ण सुगम्य". माझं मत कडक आहे, तो निळा माणूस नकोच. ज्याला स्क्रीन रीडर लागतो त्याच्याकडं तो आधीच आहे, फाँट ज्याचा मोठा हवा त्यानं फोनमध्येच मोठा केलेला आहे, आपण फक्त तो मोडू नये. अमेरिकेत एफटीसीनं, म्हणजे तिथल्या ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी आयोगानं, २०२५ मध्ये अशाच एका विजेटवाल्या कंपनीकडून खोट्या दाव्यांबद्दल १० लाख डॉलर वसूल करायला घेतले, ती बातमी दाखवली तेव्हा तो विषय मिटला.

पण नवीन पानाचं गाडं ज्यामुळं पुढं सरकलं ती गोष्ट भलतीच निघाली: एकटी खुर्ची. नाटकवाल्यांना विचारा. लोक नकाशावरून निवडतात तेव्हा मध्ये एक-एक खुर्ची सोडून बसतात, मग शेवटी हॉलमध्ये वीसेक सुट्या खुर्च्या उरतात, त्या विकल्या जात नाहीत कारण नाटकाला एकटं कोण येतं. काका खिडकीवर कधीच एकटी खुर्ची उरू देत नाहीत. त्यांचा नियमच आहे, तीन मोकळ्या असल्या आणि दोन हव्या असल्या तर दुसऱ्या रांगेत जायचं, अगदीच नाईलाज असेल तर एकटी कडेला उरेल असं बघायचं. आम्ही हा नियम खुर्च्या सुचवण्यात घातला आणि क्लायंटला जुन्या तीन प्रयोगांच्या विक्रीवर चालवून दाखवला. बघितलं आणि म्हणाले, "हे आधी का नाही सांगितलं?" गुडघेदुखीनं जे झालं नाही ते सुट्या खुर्च्यांनी झालं. चालतं.

आता पायऱ्या. "पायऱ्या नकोत" ही चौकट टाकणं सोपं, पण कुठल्या रांगेला किती पायऱ्या हे कुणाकडंच लिहिलेलं नव्हतं. बांधकामाच्या नकाशात होतं, पण नंतर दुरुस्तीत मधली वाट बदललेली. मग एका मंगळवारी दुपारी मी आणि डेव्हलपर हॉलमध्ये गेलो, प्रयोग नव्हता, वरचे दिवे बंद, डोअरकीपर मामांनी टॉर्च दिली. मी डाव्या वाटेनं, तो उजव्या वाटेनं, रांग म्हणून पायऱ्या मोजत. खाली येऊन वह्या जुळवल्या तर एफच्या पुढं एकही आकडा जुळेना. परत गेलो, एकत्र. उजव्या वाटेला एक अर्धी पायरी निघाली, जेमतेम दोन बोटं उंच, गालिच्याखाली दबलेली, डोळ्यांना दिसत नाही, पायाला लागते. मामा म्हणाले, "हितंच पडतात सगळे." मग काय, ती धरायची का नाही? व्हीलचेअरला ती पूर्ण पायरी आहे, काठीवाल्याला धोक्याची आहे, बाकीच्यांना नाहीच. म्हणून व्हीलचेअरची चौकट वेगळी झाली, आणि उजव्या वाटेच्या सगळ्या खुर्च्यांना एक जादा ओळ आली: वाटेत एक बुटकी पायरी आहे, सांभाळा. दोन हॉल आम्ही असे पायी मोजले. बाकीच्यांचं काम अजून चालूय आणि जिथं मोजलेलं नाही तिथं ती चौकट दाखवतच नाही, चुकीचं सांगण्यापेक्षा न सांगितलेलं बरं, फोन करा असं लिहिलंय.

घड्याळाचं काय केलं ते सांगतो कारण हे बऱ्याच लोकांना उपयोगी पडेल. सुगम्यतेचा नियम साधारण असा की वेळेची मर्यादा असेल तर ती वाढवून घेता आली पाहिजे. क्लायंट म्हणाले, खुर्च्या अर्धा-अर्धा तास धरून ठेवल्या तर बाकीच्यांनी काय करायचं? रास्त आहे. गंमत म्हणजे डब्ल्यूसीएजीच्या स्पष्टीकरणात नेमकं तिकीट विक्रीचंच उदाहरण आहे: तिथं वेळ वाढवून दिली तर विक्रीच न्याय्य राहत नाही, त्यामुळं मर्यादा चालते, मात्र जेवढं काम त्या मर्यादेच्या बाहेर काढता येईल तेवढं काढा. आम्ही क्रमच उलटा केला. आधी मोबाईल नंबर आणि आमचा ओटीपी, निवांत, घड्याळ नाही. मग किती-कुठं-अडचण, तेही निवांत. "ह्या घेतो" दाबलं की मगच खुर्च्या धरल्या जातात आणि पुढं फक्त पैसे भरणं उरतं. त्याला आठ मिनिटं, लुकलुकणं बंद, दोन मिनिटं उरली की एकदाच सांगायचं, रीडरलाही. आणि नंबर आधीच कळल्यामुळं पान परत उघडलं तरी साईट ओळखते, "तुमच्या जे १, जे २ धरलेल्या आहेत, पुढं चला". काकूंच्या खुर्च्यांवर आता काकूच.

ओटीपीच्या सहा चौकोनी घरांची एक साधी लांब चौकट केली. ती सहा घरं कुणाला आवडतात कोण जाणे, पेस्ट होत नाही, एक आकडा चुकला की मागं जाताना बोट भलत्याच घरात, आणि सरांना तर सहा वेगवेगळे रिकामे बॉक्स वाचून दाखवायचे. एका चौकटीत कीबोर्ड मेसेजमधला आकडा स्वतःच सुचवतो, ॲप सोडून जावंच लागत नाही.

तिकीट पूर्वी पीडीएफ, आत सगळं चित्रच, म्हणजे रीडरला कोरा कागद. आता साधा एसएमएस, नाटक, तारीख, दार कुठलं, रांग, खुर्ची. क्यूआर त्यातल्या लिंकवर. क्यूआरखाली खुर्चीचा नंबर एवढा मोठा केला की डोअरकीपर मामांना टॉर्च न लावता वाचता येतो, ही त्यांचीच फर्माईश, आणि खरं तर ह्या सगळ्यात सगळ्यात जास्त शाबासकी आम्हाला त्याचीच मिळाली.

पहिले दोन आठवडे सगळं गोड नव्हतं. "प्लॅन बघून निवडतो" हे बटण मी बारीक, फिकट आणि खाली ठेवलं होतं, मनातून वाटत होतं की लोकांनी तिकडं जाऊच नये. तरुण पोरांनी शिव्या घातल्या, बरोबर घातल्या. कॉलेजचा आठ जणांचा ग्रुप, त्यांना दोन रांगांत चार-चार पुढं-मागं बसायचं होतं, हे कुठल्या चौकटीत सांगणार? बटण बाकी दोघांएवढंच केलं. आणि "दुसऱ्या दाखवा" दाबल्यावर आधीच्या खुर्च्या गायब व्हायच्या, आजोबा म्हणाले, "पहिल्याच बऱ्या होत्या, आता कुठं गेल्या?" खिडकीवर माणूस म्हणतो ना, नको, मगाचच्याच द्या. आता सुचवलेल्या सगळ्या जोड्या एकाखाली एक राहतात.

आकडे विचाराल तर क्लायंटचे आहेत, मी इथं टाकत नाही. एवढं सांगतो की ऑफिसातल्या ताईंपैकी एक आता दुपारी प्रयोगांचं हिशेबाचं काम बघतात, पूर्वी त्यांना फोन सोडून उठता यायचं नाही. फोन येतात अजून, पण नाटक किती वाजता सुटतं आणि पार्किंग मिळेल का असे. भिंगवाल्या काकूंनी स्वतः तिकीट काढलं आणि भिशीत जाहीर केलं, त्यामुळं माझ्या आईला आता पाच जणींची तिकिटं काढून द्यावी लागत नाहीत, ती जरा नाराजच आहे.

सरांनी मागच्या महिन्यात दोन काढली. आमच्या पानांवर त्यांना साडेतीन मिनिटं लागली, पुढं पैसे भरायच्या पानावर अकरा. ते पान आमचं नाही, गेटवेचं, म्हणजे ऑनलाईन पैसे घेणाऱ्या कंपनीचं आहे, तिथं बँक निवडायची यादी रीडरला नीट उघडत नाही आणि चूक झाली की लाल रंगाशिवाय दुसरी खूण नाही. तीन मेल पाठवलेत, उत्तर आलंय की मुद्दा संबंधित टीमकडं दिलाय. तोवर यूपीआयचा पर्याय सगळ्यात वर आणलाय, त्यात निदान माणूस स्वतःच्या ओळखीच्या ॲपमध्ये जातो.

आणि खिडकीवरचे काका. त्यांनी नवीन पान बघितलं, चष्म्यावरून, बराच वेळ, आणि म्हणाले मला पण हेच द्या, ते जुनं सॉफ्टवेअर काढा. दिलं. आठवड्यानं फोन, "एक चौकट कमी आहे."
"कुठली काका?"
"नेहमीची. जोशीबुवा आले की म्हणतात नेहमीची द्या. मला माहितीये, एच सतरा. तुमच्या मशीनला माहीत नाही."

ती बनवायची आहे. पुढच्या सोमवारी बसतोय त्यांच्याबरोबर, वही घेऊन, कारण नेहमीच्या सगळ्या त्यांच्या डोक्यात आहेत.